ग्राफीनचे प्रकाश-डिटेक्टर आणि चिपवरचा वेगवान संवाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर परिसरात पदार्थविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स किंवा नॅनोतंत्रज्ञान शिकणाऱ्या आणि प्रकल्पासाठी हा विषय घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे पान आहे. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर. त्याच्या वेगाबद्दल भरपूर लिहिले जाते. पण डिटेक्टर प्रत्यक्षात बिघडतो तो थर उचलून ठेवताना आणि धातू जोडताना. म्हणून त्या दोन कामांना इथे जास्त जागा दिली आहे.

चिपवर प्रकाशाने संदेश पाठवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

लेसरचा प्रकाश मॉड्युलेटरने कमी-जास्त करायचा, तो वेव्हगाइडमधून न्यायचा आणि शेवटी डिटेक्टरने त्याचा पुन्हा करंट करायचा. वेव्हगाइड म्हणजे सिलिकॉनची बारीक पट्टी, साधारण ४५० ते ५०० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर उंच, खाली २ ते ३ मायक्रॉन ऑक्साइड. सिलिकॉनचा अपवर्तनांक ३.४८ आणि ऑक्साइडचा १.४४. एवढ्या फरकामुळे प्रकाश पट्टीतच कोंडून राहतो.

अडचण शेवटच्या टप्प्यावर येते. सिलिकॉनचा बँडगॅप, म्हणजे प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा, १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, त्यामुळे १.१ मायक्रॉनच्या पुढचा प्रकाश त्यातून आरपार जातो. फायबरमधला संवाद चालतो १३१० आणि १५५० नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे ज्या गुणामुळे सिलिकॉन वेव्हगाइडसाठी उत्तम ठरतो, त्याच गुणामुळे तो डिटेक्टरसाठी निरुपयोगी होतो. तिथे दुसरे द्रव्य आणावेच लागते.

त्यासाठी जर्मेनियम आहे ना? मग ग्राफीन कशाला?

प्रश्न रास्त आहे. जर्मेनियमचा डिटेक्टर एका वॅटला ०.८ ते १ अँपिअर करंट देतो, अंधारात जवळजवळ शांत बसतो आणि कारखान्यात रोज तयार होतो. जर्मनीतल्या आयएचपी संस्थेने २०२१ मध्ये २६५ गिगाहर्ट्झ बँडविड्थचा (म्हणजे तितक्या वेगाने बदलणारा प्रकाश पकडणारा) जर्मेनियम डायोड दाखवला, तेव्हा ‘जर्मेनियम हळू असते’ हे जुने विधान आता करू नये. तुमच्या प्रकल्पाला एका वाहिनीवर २५ किंवा ५० गिगाबिट पुरणार असतील तर सरळ जर्मेनियम घ्या.

ग्राफीनची बाजू वेगळ्या ठिकाणी भक्कम आहे. जर्मेनियम वाढवायला खाली एकस्फटिक सिलिकॉन लागतो, वर दोघांच्या स्फटिकजाळीत ४ टक्क्यांचा फरक सांभाळावा लागतो. ग्राफीन दुसरीकडे वाढवून आणून कशावरही ठेवता येते. सिलिकॉन नायट्राइडच्या वेव्हगाइडवर ठेवता येते, आणि तयार झालेल्या ट्रान्झिस्टरांच्या वरच्या थरांतही ठेवता येते. शिवाय जर्मेनियमचे शोषण १५५० नॅनोमीटरच्या पुढे झपाट्याने उतरते. ग्राफीनला बँडगॅपच नाही, त्यामुळे १३१०, १५५०, २००० नॅनोमीटर या सगळ्या तरंगलांबींना तोच डिटेक्टर चालतो.

एका अणूइतका जाड थर किती प्रकाश शोषणार?

वरून सरळ प्रकाश टाकला तर फक्त २.३ टक्के. थराची जाडी ०.३४ नॅनोमीटर आहे हे लक्षात घेतले तर हा आकडा मोठा आहे, पण डिटेक्टरला तो पुरत नाही.

म्हणून प्रकाश वरून न टाकता थराला घासून पुढे नेतात. वेव्हगाइडमधल्या प्रकाशाचा थोडा भाग पट्टीच्या बाहेर पसरलेला असतो. पट्टीवर ग्राफीन अंथरले की तो भाग वाटेत हळूहळू शोषला जातो. साध्या रचनेत शोषण साधारण ०.०५ ते ०.१ डीबी (डेसिबल) प्रति मायक्रॉन मिळते. ०.०८ धरले तर ५० मायक्रॉन लांबीत ४ डीबी, म्हणजे ६० टक्के प्रकाश शोषला गेला. लांबी दुप्पट केली तर ८४ टक्के. पण लांबीबरोबर धारिता वाढते आणि वेग घटतो. ही ओढाताण डिझाइनमध्ये शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

इथे दोन चुका नेहमी होतात. ग्राफीन फक्त आपल्या प्रतलातले विद्युतक्षेत्र शोषते, थराला लंब असलेले नाही. त्यामुळे ध्रुवीकरण (विद्युतक्षेत्राची दिशा) बदलले की शोषणाचा आकडाही बदलतो, आणि तो मोड-सॉल्व्हरमध्ये (वेव्हगाइडमध्ये प्रकाश कसा पसरतो ते काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन्ही ध्रुवीकरणांसाठी काढावाच लागतो. दुसरी चूक म्हणजे धातू वेव्हगाइडच्या फार जवळ ठेवणे. मग प्रकाश ग्राफीनऐवजी सोन्यात शोषला जातो, आणि नुसते ट्रान्समिशन मोजणाऱ्याला वाटते की ग्राफीनच छान काम करते आहे. ग्राफीन नसलेले पण धातू असलेले एक उपकरण त्याच चिपवर ठेवा, म्हणजे ही फसगत टळते.

एवढा वेग येतो कुठून?

फोटॉन शोषला की तयार झालेली ऊर्जा ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन आपापसांत काही दहा फेम्टोसेकंदांत वाटून घेतात आणि एकदम तापतात. मग काही पिकोसेकंदांत जाळीला ऊर्जा देऊन निवतात. तापणे-निवणे इतके चटकन होत असल्याने द्रव्याची स्वतःची मर्यादा शेकडो गिगाहर्ट्झमध्ये जाते.

प्रवास कसा झाला हेही पाहण्यासारखे आहे. मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी २००४ मध्ये ग्राफीन वेगळे केले, २०१० चे नोबेल त्यासाठीच मिळाले. आयबीएमच्या गटाने २००९ मध्ये दाखवले की ग्राफीनचा डिटेक्टर ४० गिगाहर्ट्झपर्यंत मंदावत नाही, आणि पुढच्याच वर्षी त्यावर १० गिगाबिट प्रति सेकंद संदेश पकडला. २०१३ मध्ये तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी वेव्हगाइडवर बसवलेले डिटेक्टर प्रसिद्ध केले. आखेनच्या एएमओ संस्थेने २०१४ मध्ये ५० गिगाबिट गाठले आणि २०१८ मध्ये १२८ गिगाहर्ट्झच्या पुढे मजल मारली. झुरिकच्या ईटीएचने २०१९ मध्ये प्लाझ्मॉनिक (धातूच्या कडेला प्रकाश एकवटणाऱ्या) रचनेत १०० गिगाबिट आणि ०.५ अँपिअर प्रति वॅट एकत्र दाखवले, तर २०२३ मध्ये ५०० गिगाहर्ट्झहून अधिक बँडविड्थ.

मग आपण बनवलेला डिटेक्टर १० गिगाहर्ट्झलाच का दमतो?

बहुतेक वेळा ग्राफीनमुळे नव्हे, रोध आणि धारितेमुळे. सूत्र साधे आहे : बँडविड्थ म्हणजे १ भागिले (२ × पाय × एकूण रोध × धारिता).

समजा ग्राफीन आणि संपर्क मिळून २५० ओम, मोजणीच्या उपकरणाचे ५० ओम, आणि धारिता २० फेम्टोफॅरड. उत्तर येते साधारण २६.५ गिगाहर्ट्झ. पॅड मोठे ठेवले आणि धारिता ५० फेम्टोफॅरड झाली तर १०.६. आता संपर्क सुधारून एकूण रोध १०० ओम आणि धारिता १० फेम्टोफॅरडवर आणा, १५९ गिगाहर्ट्झ मिळतात. ग्राफीन तिन्ही वेळा तेच. वेगाच्या गप्पा मारण्याआधी हे गणित कागदावर मांडावे, हा आमचा आग्रह आहे.

प्रकाशाचा करंट होतो कसा? बायस, म्हणजे बाहेरून व्होल्टेज, द्यायचा की नाही?

यंत्रणा मुख्यतः तीन. फोटोव्होल्टाइकमध्ये डोपिंग (जादा इलेक्ट्रॉन किंवा होलचे प्रमाण) बदलते त्या सीमेवरचे विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) वेगळे करते. फोटोथर्मोइलेक्ट्रिकमध्ये तापलेले इलेक्ट्रॉन दोन वेगळ्या सीबेक गुणांकांच्या (तापमानाच्या फरकाने किती व्होल्टेज मिळते त्याच्या आकड्यांच्या) प्रदेशांमध्ये व्होल्टेज निर्माण करतात. बोलोमेट्रिकमध्ये तापल्यामुळे रोध बदलतो आणि बायसचा करंट त्याप्रमाणे हलतो.

बायस दिला की संदेश मोठा होतो, पण ग्राफीन कधीच बंद होत नाही हे विसरू नका. २०० ओमच्या उपकरणावर ०.२ व्होल्ट दिले की अंधारातही १ मिलिअँपिअर वाहतो. ५० गिगाहर्ट्झ बँडविड्थमध्ये या करंटचा शॉट नॉइज (इलेक्ट्रॉन सुटे-सुटे येण्याने होणारा गोंगाट) सुमारे ४ मायक्रोअँपिअर भरतो. योगायोग म्हणजे ५० ओमच्या लोडचा औष्णिक नॉइजही खोलीच्या तापमानाला तितकाच असतो. म्हणजे १ मिलिअँपिअर ओलांडला की गोंगाटात डार्क करंटच (अंधारातही वाहणारा हा करंट) पुढे राहतो. ०.१ मिलिवॅट प्रकाशाला ०.३ अँपिअर प्रति वॅट दराने ३० मायक्रोअँपिअर मिळतात, तेव्हा हा हिशोब किरकोळ नाही.

फोटोथर्मोइलेक्ट्रिक रचना बायसशिवाय चालते, म्हणून डार्क करंटचा प्रश्नच उरत नाही. त्यासाठी वेव्हगाइडच्या बरोबर मध्यावर पी-एन सीमा (एकीकडे होल जास्त, दुसरीकडे इलेक्ट्रॉन जास्त) हवी, म्हणजे ग्राफीनजवळ दोन गेट (व्होल्टेजने डोपिंग बदलणारे इलेक्ट्रोड) आणि त्यांच्यात १०० ते २०० नॅनोमीटरची फट. गेटचे व्होल्टेज वाढवत नेऊ नका. सीबेक गुणांक कमी डोपिंगलाच मोठा असतो. शिवाय १५५० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, म्हणून फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती ऊर्जा) ०.४ च्या पलीकडे ढकलली की ग्राफीन पारदर्शकच होऊन बसते. ‘गेट वाढवले आणि सिग्नल गेला’ या तक्रारीमागे बहुधा या दोहोंपैकी एक कारण असते.

कोल्हापुरात राहून यातले काय काय करता येते?

बरेच काही. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाला पातळ थरांच्या कामाची जुनी परंपरा आहे. डिझाइन आणि सिम्युलेशनला चांगला संगणक पुरतो. क्वार्ट्झ नळीची १००० अंशांवर जाणारी भट्टी, मिथेन-हायड्रोजनची सुरक्षित व्यवस्था, स्पिन-कोटर, धातू बाष्पीभवनाचे यंत्र आणि रमन वर्णपटमापक एवढे हाताशी असेल तर ग्राफीन वाढवणे, ट्रान्सफर, तपासणी आणि संपर्करोधाची मोजणी इथेच होऊ शकते. भट्टी स्वतः बांधणार असाल तर हायड्रोजनच्या गळतीचा सेन्सर आणि बाहेर जाणारी वाट या दोन गोष्टींत काटकसर करू नका.

वेव्हगाइड मात्र इथे कोरत बसू नये. ती चिप मल्टी-प्रोजेक्ट वेफर (अनेकांची डिझाइन एकाच वेफरवर बनवणाऱ्या) सेवेतून मागवता येते. ई-बीम लिथोग्राफीसाठी (इलेक्ट्रॉन झोताने आराखडा उमटवण्यासाठी) आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूच्या आयआयएससीसह काही संस्थांतील क्लीनरूम बाहेरच्या विद्यार्थ्यांना इनअप या सरकारी कार्यक्रमातून वापरता येतात. अर्ज करताना प्रत्येक पायरी, लागणारे यंत्र आणि नमुन्यावर आधी लागलेली रसायने लिहून द्या. तांब्याचा अंश असलेला नमुना काही यंत्रांत घेतच नाहीत, आणि हे तिथे पोचल्यावर कळले तर फेरी फुकट जाते.

ट्रान्सफर कसा करायचा? थर दर वेळी फाटतो.

२५ मायक्रॉन जाडीच्या कॉपर फॉइलवर वाढवलेले ग्राफीन धरून चालू. फॉइल सपाट असायला हवी. चिमट्याने पडलेली घडी शेवटपर्यंत ग्राफीनमध्ये दिसते. त्यावर साधारण २०० नॅनोमीटर पीएमएमए (एक पारदर्शक पॉलिमर) स्पिन करा. मग फॉइल उलटी करून मागच्या बाजूचे ग्राफीन ऑक्सिजन प्लाझ्माने काढा. ही पायरी गाळणारे बरेच असतात. मग मागचे तुकडे खाली तरंगत राहतात आणि चिपवर काळे डाग होऊन चिकटतात.

तांबे विरघळवायला ०.१ मोलर अमोनियम परसल्फेट घ्या, २५० मिलिलिटरसाठी ५.७ ग्रॅम. काही तास लागतात. फेरिक क्लोराइडने काम लवकर होते, पण लोहाचे कण मागे राहतात. द्रावण जास्त तीव्र केले तर बुडबुडे निघून थराला भोके पडतात. तांबे गेल्यावर पारदर्शक पापुद्रा डीआय (आयनमुक्त) पाण्याच्या तीन भांड्यांत एकामागून एक न्या, प्रत्येकात किमान दहा-पंधरा मिनिटे. मग प्लाझ्माने स्वच्छ केलेली चिप पाण्यात तिरकी घालून पापुद्रा तिच्यावर अलगद उचला आणि ती तिरकीच उभी ठेवून रात्रभर निथळू द्या.

इथे घाई नडते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत विचारा : साच्यात ओल राहिली की रस कितीही चांगला असो, कास्टिंगमध्ये ब्लो-होल येतात. इथेही तेच. थराखाली पाणी उरले आणि चिप एकदम १५० अंशांच्या हॉटप्लेटवर ठेवली की वाफ थर फोडून बाहेर येते. आधी ६० अंशांवर अर्धा-एक तास, मग हळूहळू १४०-१५० अंशांवर दहा मिनिटे ठेवा. या शेवटच्या तापण्यात पीएमएमए मऊ पडते आणि सुरकुत्या बसतात. नंतर ॲसिटोन, मग आयसोप्रोपनॉल, मग नायट्रोजनचा मंद झोत.

फाटण्याची जागाही नीट बघा. भेगा वेव्हगाइडच्या दोन्ही कडांना समांतर असतील तर दोष तुमच्या हाताचा नाही. २२० नॅनोमीटरच्या पायरीवर थर अधांतरी ताणला जातो आणि तुटतो. उपाय म्हणजे वेव्हगाइडच्या बाजू ऑक्साइडने भरून, पॉलिश करून पृष्ठभाग सपाट केलेली चिप मागवणे, पट्टीवर जेमतेम १० नॅनोमीटर ऑक्साइड ठेवून. पैसे थोडे जास्त लागतात, पण चालू निघणाऱ्या डिटेक्टरांचे प्रमाण यानेच सर्वांत जास्त वाढते.

रमनमध्ये काय बघायचे?

जी शिखर १५८० च्या आसपास, टू-डी शिखर २७०० च्या जवळ, दोषांचे डी शिखर १३५० ला, सगळे प्रति सेंटिमीटर एककात. टू-डी हे जी च्या दुपटीहून उंच आणि एकसंध असेल तर थर एकेरी. डी जवळपास दिसूच नये. लेसर १ मिलिवॅटच्या खाली ठेवा, नाहीतर मोजणीच थर जाळते. एका बिंदूवरून निष्कर्ष काढू नका, वेव्हगाइडच्या लांबीभर मोजा.

धातूचा संपर्क चांगला झाला की नाही, कसे कळेल?

त्याच चिपवर वेगवेगळ्या लांबीच्या ग्राफीन पट्ट्या ठेवा, जसे २, ४, ८ आणि १६ मायक्रॉन. प्रत्येकीचा रोध मोजून लांबीविरुद्ध आलेख काढा आणि रेषा शून्य लांबीपर्यंत मागे न्या. तिथे उरलेला रोध म्हणजे दोन संपर्कांचा मिळून रोध. १००० ओम-मायक्रॉनचा संपर्क २० मायक्रॉन रुंदीवर प्रत्येकी ५० ओम देतो, म्हणजे दोन्ही मिळून १००. हाच ३०० ओम-मायक्रॉनवर आणला तर एकूण ३० ओम. वर काढलेल्या गणितात हे आकडे घालून बघा, मेहनत कुठे घ्यायची ते आपोआप कळेल.

संपर्क बिघडण्याचे पहिले कारण म्हणजे धातूखाली राहिलेला रेझिस्टचा (आराखडा उमटवायला लावलेल्या पॉलिमरचा) पातळ थर. सिलिकॉनवर तो ऑक्सिजन प्लाझ्माने काढतात, ग्राफीनवर तसे केले तर ग्राफीनच जाते. म्हणून डेव्हलपिंग पूर्ण होऊ द्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करा. क्रोमियम-सोने चिकटते छान, पण निकेल किंवा पॅलेडियमने रोध सहसा कमी मिळतो. लिफ्ट-ऑफ करताना (रेझिस्टबरोबर नको असलेला धातू सोडवताना) अल्ट्रासोनिक लावू नका, कोमट ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवा. वर ॲल्युमिनाचे आवरण द्यायचे असेल तर आधी १-२ नॅनोमीटर ॲल्युमिनियम बाष्पीभवनाने टाकून हवेत ऑक्सिडाइझ होऊ द्या, कारण एएलडीचा (अणू-थर निक्षेपणाचा) थर कोऱ्या ग्राफीनवर सलग बसत नाही.

फायबरमधून प्रकाश चिपवर उतरतच नाही. काय चुकते?

अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात आणि ठरलेल्या दिवसांतच मूर्तीपर्यंत पोचतात. वाटेत एखादे बांधकाम आले किंवा कोन जरासा ढळला की ती अलीकडेच थांबतात. ग्रेटिंग कपलरही (फायबरमधला प्रकाश वेव्हगाइडमध्ये वळवणाऱ्या खाचांची रचना) तितकाच काटेकोर आहे. १५५० नॅनोमीटरसाठी साधारण ६३० नॅनोमीटरची आवर्तने, ७० नॅनोमीटर खोल खाचा, आणि फायबर उभ्या रेषेपासून ८ ते १० अंश कललेला. कोन दोन अंश चुकला की सर्वोत्तम तरंगलांबी सरकते. म्हणून आधी लेसरची तरंगलांबी १५२० ते १५८० फिरवून शिखर शोधा, मग ध्रुवीकरण नियंत्रकाची पाती हलवा, आणि शेवटी फायबर मायक्रॉन-मायक्रॉनने सरकवा. सरावाला ग्राफीन नसलेला सरळ वेव्हगाइड वापरा.

नीट जमले तरी एका कपलरमध्ये ३ ते ५ डीबी जातात. फायबरमध्ये १० मिलिवॅट असतील आणि ४ डीबी गेले तर वेव्हगाइडमध्ये ४ मिलिवॅटच पोचतात. रिस्पॉन्सिव्हिटी (एका वॅटला मिळणारा करंट) सांगताना भागाकार कोणत्या शक्तीने केला हे लिहायलाच हवे. १५५० नॅनोमीटरला प्रत्येक फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन मिळाला तर १.२५ अँपिअर प्रति वॅट येतात. तुमचा आकडा त्याहून मोठा आला तर आधी शक्तीची मोजणी पुन्हा तपासा.

वेग मोजायला महागडे उपकरण नसेल तर?

दोन लेसर एकत्र करून डिटेक्टरवर टाका. त्यांच्या वारंवारतेतील फरकाएवढा ठोका करंटमध्ये उमटतो. १५५० च्या आसपास ०.८ नॅनोमीटरचा फरक म्हणजे सुमारे १०० गिगाहर्ट्झ, ०.००८ म्हणजे १. एक लेसर स्थिर ठेवून दुसरा सरकवत जा आणि आरएफ पॉवर मीटरवर वाचत जा. दोघांचे ध्रुवीकरण जुळलेले हवे, नाहीतर ठोका उमटतच नाही. केबल, बायस-टी (बायस आणि सिग्नल वेगळे ठेवणारा भाग) आणि प्रोबचा ऱ्हास वेगळा मोजून वजा करा. तो वजा न केल्यामुळे चांगला डिटेक्टर मंद ठरतो.

पावसाळ्यात मोजणीचे आकडे बदलतात, हे खरे का?

खरे आहे. ओलावा आणि ऑक्सिजन ग्राफीनला पी-बाजूला ढकलतात, डिराक बिंदू (ग्राफीनचा रोध सर्वांत जास्त असतो ते गेटचे व्होल्टेज) सरकतो, आणि गेटचे व्होल्टेज वर-खाली नेताना दोन वेगळे आलेख मिळतात. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या हवेत उघडे उपकरण रोज वेगळे वागेल. आवरण द्या, नमुने व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवा, मोजणीबरोबर खोलीची आर्द्रता नोंदवा.

हे कारखान्यात कधी येणार?

वेग सिद्ध झाला आहे. उरले आहे ते ३०० मिलिमीटर वेफरभर सारखे ग्राफीन, तांब्याच्या अंशापासून सुटका आणि दर वेळी तोच संपर्करोध. युरोपात यासाठी २०२० पासून प्रायोगिक उत्पादन-साखळी उभारली गेली आहे. आमच्या मते पहिली जागा मिळेल ती सिलिकॉन नायट्राइडच्या चिपवर, जिथे जर्मेनियमला पायाच मिळत नाही.

ग्राफीन फाटले तर महागाची चिप वाया गेली का?

नाही. धातू पडण्याआधी फाटले असेल तर ऑक्सिजन प्लाझ्माने थर काढा, ॲसिटोन-आयसोप्रोपनॉलने धुवा आणि नवा थर ठेवा. सिलिकॉनला काही होत नाही. धातू पडला असेल तर सोने पोटॅशियम आयोडाइड-आयोडीनच्या द्रावणात आणि क्रोमियम त्याच्या एचंटमध्ये काढता येते, पण एचिंगच्या खुणा राहतात. त्यामुळे पुन्हा वापरण्याआधी सरळ वेव्हगाइडचा ऱ्हास मोजा. तो आधीच्या आकड्यापेक्षा १ डीबीहून जास्त वाढलेला असेल तर ती चिप ट्रान्सफरच्या सरावासाठी ठेवा.